गुडघा, गुण्या आणि सतरा कोन

शाळेच्या कंपासपेटीत पारदर्शक प्लास्टिकचे दोन त्रिकोण असतात. एकाचे कोन ४५, ४५ आणि ९० अंशांचे, दुसऱ्याचे ३०, ६० आणि ९० अंशांचे. पेटीतल्या इतर वस्तूंची नावं कुठून आली ते ऐकताक्षणी कळतं. ‘कंपास’ इंग्रजीतून आला, ‘कोनमापक’ संस्कृत शब्द जोडून घडवला. या दोन त्रिकोणांना मात्र मराठी शाळेत ‘गुण्या’ म्हणतात आणि हा शब्द यातल्या कुठल्याच घरातला वाटत नाही. तो आला गवंड्याच्या आणि सुताराच्या हत्यारांतून. घराचं काम चालू असताना आमच्याकडे येणारे गवंडीकाका भिंतीचा कोपरा उचलायच्या आधी लोखंडी काटकोन विटांना टेकवत आणि पोऱ्याला म्हणत, “गुण्यात हाय का बघ.” भिंत उभी सरळ आहे का ते ओळंबा सांगतो, कोपरा काटकोनात आहे का ते गुण्या सांगतो.

फारसीत याच हत्याराला ‘गूनिया’ म्हणतात, आणि फारसीत तो शब्द ग्रीकांकडून आला. ग्रीक भाषेत ‘गोनिया’ म्हणजे कोपरा, कोन. पेंटॅगॉन, हेक्सागॉन, ऑक्टॅगॉन या नावांच्या शेपटाला जो ‘गॉन’ आहे तो हाच. पुस्तकातल्या ज्या शब्दाने मुलांना धडकी भरते, तो शब्द चुना-विटांच्या धंद्यात मराठी माणूस कितीतरी पिढ्या बिनधास्त वापरत आला आहे. हे समजलं त्या दिवसापासून मी बहुभुजांच्या नावांच्या मागे लागले. ती नावं उलगडत गेले तसं माझ्या लक्षात आलं की हा एकच ‘गोनिया’ आपल्याकडे एकदा नाही, चार वेळा आला आहे. दर वेळी वेगळ्या वाटेने, वेगळ्या माणसांच्या हातून. गवंड्याची वाट त्यांतली फक्त एक.

सगळ्यात जुनी वाट रक्ताच्या नात्याची. ‘गोनिया’ हा ग्रीक ‘गोनु’चा नातलग, आणि ‘गोनु’ म्हणजे गुडघा. पाय दुमडला की गुडघ्यापाशी जे होतं, तो कोन. लॅटिनमध्ये गुडघ्याला ‘गेनु’ म्हणतात आणि संस्कृतात ‘जानु’. मराठीत रोजच्या बोलण्यात जानु राहिला नाही, पण ज्याचे हात गुडघ्यापर्यंत पोचतात त्याला आपण अजूनही आजानुबाहू म्हणतो. म्हणजे कीर्तनात रामाचं वर्णन करताना येणारा शब्द आणि षट्कोनाचं इंग्रजी नाव, या दोन्हींत एकच प्राचीन गुडघा वाकलेला आहे.

लॅटिन माणसाने कोनाला ‘अँगुलुस’ म्हटलं. त्याच्या मुळाशीही वाकणंच आहे. ग्रीक ‘अँकिलोस’ म्हणजे वाकडा, आणि घोट्याला इंग्रजीत जे ‘अँकल’ म्हणतात तेही त्याच धातूचं. एकाने गुडघा घेतला, दुसऱ्याने घोट्याच्या भावंडाला हाताशी धरलं. आणि आपण? ‘कोपर’ आणि ‘कोपरा’ हे दोन शब्द शेजारी ठेवून पाहा. हात दुमडून पाहा.

भूमिती हे सगळ्यांत कोरडं, अशरीरी शास्त्र आहे असं आपल्याला शिकवलं जातं. तिच्या शब्दांत मात्र जिकडेतिकडे शरीर आहे. ग्रीक गणिती युक्लिड इसवी सनापूर्वी ३०० च्या आसपास अलेक्झांड्रियात बसून आकृत्यांच्या व्याख्या करत होता, तेव्हा बाजूसाठी त्याने वापरलेला शब्द ‘प्लेउरा’, म्हणजे बरगडी, कूस. समद्विभुज त्रिकोणाला तो ‘इसोस्केलेस’ म्हणतो, म्हणजे सारख्या पायांचा. तिन्ही बाजू वेगळ्या असल्या की ‘स्कॅलेनोस’, म्हणजे ओबडधोबड, लंगडत चालणारा. इकडे शुल्बसूत्रांत, म्हणजे यज्ञवेदी आखायचे नियम सांगणाऱ्या जुन्या संस्कृत ग्रंथांत, वेदीच्या पूर्वेकडच्या दोन कोपऱ्यांना अंस, म्हणजे खांदे, आणि पश्चिमेकडच्या दोन कोपऱ्यांना श्रोणी, म्हणजे कंबरेच्या बाजू, अशी नावं आहेत. जमिनीवर दोरीने आखलेली आकृती म्हणजे आडवं पडलेलं माणूसच. पुढे बाजूला भुज, म्हणजे हात, आणि काटकोनासमोरच्या बाजूला कर्ण, म्हणजे कान. दहावीच्या वहीत “कर्णाचा वर्ग बरोबर” असं लिहिताना कानाची आठवण कुणाला होत नाही. पण ज्याने पहिल्यांदा हे नाव ठेवलं त्याच्यासमोर कुणाचा तरी देह होता.

दुसरी वाट ज्योतिषांची. शुल्बसूत्रांत कोपऱ्यासाठी ‘कोण’ हा शब्द भेटत नाही. तिथे ‘अश्र’ आहे. चार कोपऱ्यांची आकृती ‘चतुरश्र’, चारही बाजू सारख्या असतील तर ‘समचतुरश्र’. अश्र आणि अश्रि म्हणजे धार, टोक. लॅटिन ‘अकिएस’ म्हणजे धार हा त्याचाच भाऊ, आणि लघुकोनाला इंग्रजीत जे ‘अक्यूट’ म्हणतात त्याच्या मुळाशीही हीच धार. हा चतुरश्र बोलणाऱ्यांच्या तोंडी झिजत झिजत मराठीत आला तो ‘चौरस’. झिजण्यात एक मजेची गोष्ट घडली. नावाप्रमाणे तो नुसता ‘चार कोपऱ्यांचा’, पण मराठीत त्याचा अर्थ आवळत गेला आणि चारही बाजू सारख्या असल्याशिवाय आपण कशालाही चौरस म्हणत नाही. नेमकं हेच युक्लिडच्या ग्रीकमध्ये झालेलं आहे. ‘टेट्रागोनोन’ म्हणजे शब्दशः चार कोनांचा, पण त्याच्या व्याख्येत टेट्रागोनोन म्हणजे फक्त चौरस. कुठल्याही चार बाजूंच्या आकृतीसाठी त्याला ‘टेट्राप्लेउरोन’, चार बरगड्यांचा, असा वेगळा शब्द ठेवावा लागला. जसा आपल्याला चौरसाखेरीज चौकोन ठेवावा लागला. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एकच निवड केली.

मग ‘कोण’ आला कधी? ‘त्रिकोण’ हा शब्द संस्कृतात ठळकपणे वावरतो तो फलज्योतिषात, आणि तो ग्रीक ‘ट्रिगोनोन’वरून आला असं भाषेचे अनेक अभ्यासक मानतात. इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत यवनांचं, म्हणजे ग्रीकांचं, ज्योतिष पश्चिम भारतात उतरलं आणि आपल्याबरोबर शब्दांचं गाठोडं घेऊन आलं. सहाव्या शतकात वराहमिहिराने ‘बृहज्जातका’त राशींची ग्रीक नावंच एका श्लोकात गुंफून ठेवली आहेत: मेषाला क्रिय, वृषभाला तावुरि, मिथुनाला जितुम, सिंहाला लेय. त्याच गाठोड्यातला ‘होरा’. त्याच गाठोड्यातलं ‘केंद्र’ही, कारण ग्रीक ‘केंट्रोन’ म्हणजे टोचणारं टोक, कंपासचा जो पाय कागदात रुततो तो. आज मतदान केंद्र, आरोग्य केंद्र, केंद्र सरकार असं बोलताना आपण ग्रीक बोलतो आहोत हे ध्यानात येत नाही. पत्रिका मांडणारे गुरुजी “गुरू त्रिकोणात आहे” म्हणतात, तेव्हा पाचव्या-नवव्या स्थानाबद्दल बोलताना त्यांच्याही तोंडी बहुधा तो अलेक्झांड्रियाकडचा कोन असतो.

वराहमिहिराला हे उसनं घेणं लपवावंसं वाटलं नाही, याचं मला फार कौतुक आहे. ‘बृहत्संहिते’त तो उघड लिहितो, “म्लेच्छा हि यवनास्तेषु सम्यक् शास्त्रमिदं स्थितम्”. यवन म्लेच्छ असले तरी हे शास्त्र त्यांच्याकडे नीट मांडलेलं आहे, आणि त्यासाठी तेसुद्धा ऋषींसारखे पुजले जातात, असं तो पुढे म्हणतो. आपली भाषा कशी वाढली याबद्दल बोलताना इतका मोकळेपणा आज कमी भेटतो.

तिसरी वाट गवंड्याची, ती सांगून झाली. चौथी शाळेची.

माझी भाची सेमी इंग्रजीच्या वर्गात आहे. पाचवीपर्यंत तिने त्रिकोण, चौकोन, पंचकोन म्हटलं. आता गणित इंग्रजीत. पुस्तकातली यादी घेऊन ती माझ्यासमोर बसली. “मावशी, ट्रायअँगल आहे, मग पुढे पेंटाअँगल का नाही? आणि सातचं सेप्टॅगॉन का नाही? सप्टेंबर तर आहे.” तिला पाठांतराचा कंटाळा आला होता, पण प्रश्न अचूक होता. युरोपातल्या भाषांची सगळी कहाणी त्या यादीत दडलेली आहे.

तीन आणि चार बाजूंच्या आकृत्या रोमन माणसाच्या रोजच्या व्यवहारात होत्या. त्याला जमीन मोजायची होती, छावणी आखायची होती, रस्ते काढायचे होते. शेताचे तुकडे तिकोनी असतात, चौकोनी असतात. या कामाला लागणारे शब्द त्याच्या स्वतःच्या भाषेत होते: ट्रिआंगुलुम, क्वाद्रातुम. फ्रेंचमधून ते इंग्रजीत उतरले आणि ट्रायअँगल, स्क्वेअर, रेक्टँगल झाले. पाच आणि त्यापुढच्या बाजूंच्या आकृत्या शेतात भेटत नाहीत. त्या युक्लिडच्या चौथ्या पुस्तकात भेटतात. वर्तुळात पंचकोन बसवणं, षट्कोन बसवणं, आणि शेवटी पंधरा बाजूंची आकृती बसवणं, असा तो क्रम आहे. ही विद्या ज्यांना हवी होती त्यांनी ती ग्रीक नावांसकट घेतली. म्हणून यादीत दोन घरं दिसतात. जिथे नांगर आणि मोजणीची दोरी पोचली तिथपर्यंत लॅटिन, जिथून नुसता विचार सुरू झाला तिथून ग्रीक. हा सिद्धांत माझा आहे, पण यादी डोळ्यांसमोर धरली की मला दुसरं काही दिसत नाही.

चार बाजूंच्या आकृत्यांची ग्रीक नावं तेवढी व्यवहारातून उचललेली आहेत, म्हणून ती मला फार आवडतात. समभुज चौकोन तो ‘ऱ्हाँबोस’, म्हणजे दोरीला बांधून गरगरा फिरवायची वस्तू, भिंगरी. आणि ‘ट्रापेझियोन’ म्हणजे छोटं टेबल. ‘ट्रापेझा’ या शब्दात चार पाय आहेत. सराफ अशा टेबलावर नाणी मांडून बसत. आजच्या ग्रीसमध्ये बँकेला ट्रापेझाच म्हणतात.

भाचीच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे आपल्याच घरातली भाऊबंदकी. संस्कृत सप्त, लॅटिन सेप्टेम, ग्रीक हेप्टा: तिन्ही एकाच आकड्याची रूपं. ग्रीकांनी शब्दाच्या सुरुवातीचा ‘स’ टाकून त्याचा ‘ह’ केला, म्हणून षट् आणि सेक्स यांच्या जोडीला हेक्स, सप्त आणि सेप्टेम यांच्या जोडीला हेप्टा. इराणी लोकांनीही तेच केलं. त्यांनी सिंधूचं हिंदू केलं आणि सप्तचं हप्त. फारसीत सातला ‘हफ्त’ म्हणतात, सात दिवसांचा तो ‘हफ्ता’, आणि आपण कर्जाचा फेडतो तो हप्ता. सप्ताह, सप्टेंबर, हप्ता आणि हेप्टॅगॉन, चौघांत एकच सात. सप्टेंबर नववा महिना असूनही नावात सात आहे, कारण जुन्या रोमन कालगणनेत वर्ष मार्चपासून सुरू होई.

हे ऐकल्यावर ती यादी तिला परकी वाटेना. आम्ही मग मांडतच बसलो. पेंटे म्हणजे पंच. पंजाबातला ‘पंज’ही तोच, आणि पाच बोटांचा पंजाही. ऑक्टो म्हणजे अष्ट, डेका म्हणजे दश, डोडेका म्हणजे द्वादश. शंभराला ग्रीक ‘हेकाटोन’, त्यातला ‘काटोन’ म्हणजे आपलं शत. शंभर बाजूंचा हेक्टॉगॉन कुणी काढत नाही, पण सातबाऱ्यावर क्षेत्र ‘हेक्टर-आर’मध्ये लिहिलेलं असतं, तिथे हा शंभर रोज भेटतो. हजाराला ग्रीक ‘खिलिओइ’. फ्रेंचांनी अठराव्या शतकाच्या शेवटी मापं ठरवताना त्याचं ‘किलो’ केलं. भाजीवाल्याकडे आपण किलोभर कांदे मागतो ते ग्रीकांच्या हजारातून. आणि विष्णुसहस्रनामातला ‘सहस्र’ याच खिलिओइचा सख्खा भाऊ. ‘स’ म्हणजे एक, आणि ‘हस्र’ म्हणजे ते खिलिओइ.

नऊ बाजूंच्या आकृतीपाशी ही सुबक यादी अडखळते. ग्रीकांप्रमाणे तिला एनिॲगॉन म्हणायला हवं, कारण ‘एन्नेआ’ म्हणजे नव. गणिताचे काटेकोर लेखक तसं लिहितातही. शाळेच्या पुस्तकात मात्र ती नॉनॅगॉन. ‘नोनुस’ लॅटिन, ‘गॉन’ ग्रीक. शिवाय नोनुस म्हणजे नऊ नव्हे, नववा. पाच कोनांचा, सहा कोनांचा, सात, आठ आणि मग एकदम ‘नवव्या कोनाचा’. अकरापाशीही तीच ओढाताण: कुणी ग्रीक हेन्डेकॅगॉन म्हणतं, कुणी लॅटिन अन्डेकॅगॉन. शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांना ही भेसळ खुपते. मला उलट वाटतं की ‘एनिॲगॉन’ म्हणताना जीभ अडते आणि ‘नॉनॅगॉन’ सहज म्हणता येतं, एवढं कारण भाषेला पुरतं. ‘चौरसा’लाही तेवढंच पुरलं होतं.

एक ण आणि न यांचाही किस्सा आहे. आपण त्रिकोण लिहितो ण ने, चौकोन लिहितो न ने. त्रिकोण संस्कृतातून जसाच्या तसा उचलला आणि चौकोन लोकांच्या तोंडी रुळून मराठी झाला, म्हणून. मराठीतही तीनच्या आणि चारच्या मध्ये अशी एक बारीक भेग आहे.

स्वतःच्या भाषेत नावं ठेवायचा प्रयत्न इंग्रजांनीही करून पाहिला. रॉबर्ट रेकॉर्ड हा वेल्समधला वैद्य आणि गणिती. बरोबरीचं चिन्ह, त्या दोन समांतर रेघा, त्यानेच १५५७ मध्ये पहिल्यांदा छापल्या. त्याआधी १५५१ मध्ये त्याने लॅटिन न येणाऱ्या माणसांसाठी इंग्रजीत भूमिती लिहिली. समभुज त्रिकोणाला त्याने ‘थ्रीलाइक’ म्हटलं, समांतरभुज चौकोनाला ‘लाइकजॅम’, पंचकोनाला ‘सिंकअँगल’, षट्कोनाला ‘साइसअँगल’. सिंक आणि साइस ही तेव्हा फाशांवरच्या पाच-सहा ठिपक्यांची नावं होती. जुगाराच्या अड्ड्यावरचा माणूससुद्धा साइसअँगल ऐकून आकृती ओळखू शकला असता. इंग्रजांनी ती नावं टाकून दिली आणि त्यांची मुलं आजही ग्रीक पाठ करतात.

जर्मनांनी ते केलं नाही. त्यांच्याकडे त्रिकोण म्हणजे ड्रायएक, पंचकोन फ्युन्फएक, सप्तकोन झीबेनएक. आकडा आणि ‘एक’, म्हणजे कोपरा. आपली पद्धत तीच: पंचकोन, षट्कोन, सप्तकोन. आकडा माहीत असलेल्या पोराला आकृतीचं नाव वेगळं शिकवावं लागत नाही, आणि ही केवढी मोठी सोय आहे हे ती हातची गेल्यावर कळतं. सेमी इंग्रजीत गेलेल्या मुलांच्या हातून ती जाते. इंग्रजी नावं शिकू नयेत असं मी म्हणणार नाही, ती शिकायलाच हवीत. पण हेप्टॅगॉन शिकवताना शेजारी सप्तकोन लिहायला खडूचे किती कण लागतात? गणिताच्या तासाला ‘सप्त’ आणि ‘हेप्टा’ एका ओळीत लिहिले, तर मुलांना दोन भाषा आणि एक आकडा एकाच वेळी मिळतील. हे कुठल्याच अभ्यासक्रमात नाही आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं.

सात आणि नऊ यांचा विषय निघाला की मला भास्कराचार्य आठवतात. ‘लीलावती’ ११५० ची. तिच्यात एक जागा आहे जिथे वर्तुळात बसवलेल्या तीनपासून नऊपर्यंतच्या सम, म्हणजे सगळ्या बाजू आणि सगळे कोन सारखे असलेल्या, बहुभुजांच्या बाजू सांगितल्या आहेत, “वृत्तान्तस्त्र्यस्रपूर्वाणां नवास्रान्तं पृथक् पृथक्”. त्र्यस्रापासून नवास्रापर्यंत, वेगवेगळ्या. इथेही तो जुना अश्रच आहे, ‘कोण’ नाही. व्यास १,२०,००० धरला तर त्रिकोणाची बाजू १,०३,९२३, चौरसाची ८४,८५३, पंचकोनाची ७०,५३४, षट्कोनाची बरोबर ६०,०००, सप्तकोनाची ५२,०५५, अष्टकोनाची ४५,९२२, नवकोनाची ४१,०३१. आकडे अर्थातच शब्दांत दडवलेले: त्रि, द्वि, अंक, अग्नि, नभ, चंद्र असं म्हणायचं आणि उजवीकडून डावीकडे वाचायचं, की १,०३,९२३ मिळतात.

आजच्या गणकयंत्रावर ताडून पाहिलं तर सातांपैकी पाच किमती पूर्णांकापर्यंत बिनचूक आहेत. दोनच ठिकाणी सुमारे अकराचा फरक पडतो. सप्तकोनाची बाजू ५२,०६६ हवी आणि नवकोनाची ४१,०४२. लाखाच्या वरच्या व्यासात अकरा म्हणजे काहीच नाही. पण फरक नेमका या दोघांतच का यावा? कारण बाकीच्या पाच आकृत्यांच्या बाजू वर्गमुळं काढत काढत हव्या तितक्या अचूक मिळतात. सात आणि नऊ यांच्या बाजू नुसत्या वर्गमुळांनी मिळतच नाहीत. पट्टी आणि कंपास घेऊन सम सप्तकोन काढता येत नाही, नवकोनही नाही. खगोलशास्त्रज्ञ योहानेस केप्लरने १६१९ च्या आपल्या ग्रंथात तर असं मांडलं की सप्तकोन जाणताच येत नाही, म्हणून विश्व रचताना देवाने तो वापरला नाही.

या भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून एक मठ काढला. चाळीसगावजवळच्या पाटण्याचा शिलालेख त्याची साक्ष देतो. तो शके ११२८ चा, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो उजेडात आणला. मठाच्या खर्चासाठी कुणी काय द्यायचं, तो मजकूर त्या काळच्या मराठीत कोरलेला आहे. नवास्रापर्यंतचं गणित शिकवणाऱ्या शाळेचा हिशेब मराठीत होता, ही गोष्ट मी भाचीला मुद्दाम सांगितली.

सात नाही, नऊ नाही, अकरा नाही, तेरा नाही. दोन हजार वर्षं लोकांनी धरून चाललं होतं की युक्लिडने जे पट्टी-कंपासने काढून दाखवलं, त्याच्या पलीकडे नवीन काही निघणार नाही. ३० मार्च १७९६ ला ब्राउनश्वाइगमध्ये कार्ल फ्रीडरिश गाउस या मुलाच्या लक्षात आलं की सतरा बाजूंची सम आकृती काढता येते. एकोणिसावं वर्ष पुरं व्हायला त्याला एक महिना कमी होता. गॉटिंगेनला शिकत होता आणि पुढे काय करावं हे ठरत नव्हतं. एका बाजूला गणित ओढत होतं, दुसऱ्या बाजूला ग्रीक-लॅटिनचा अभ्यास. त्या शोधाने पारडं गणिताकडे झुकलं. त्याने एक वही सुरू केली आणि तिच्यात पहिली नोंद याचीच केली, लॅटिनमध्ये: वर्तुळाचे ‘सेप्टेमदेकिम’, सतरा भाग. जगाने त्या आकृतीला नाव दिलं ते मात्र ग्रीक, हेप्टाडेकॅगॉन. आपण म्हणू सप्तदशकोन. भाषाशास्त्राच्या हातून सुटलेला हा मुलगा ज्या आकृतीमुळे सुटला, तिच्या नावात त्याच्या दोन्ही आवडत्या भाषा भांडत बसल्या आहेत, हे मला फार लोभस वाटतं. ब्राउनश्वाइगमधल्या त्याच्या पुतळ्याच्या चौथऱ्यावर सतरा टोकांची चांदणी कोरली आहे. सतरा कोनांची आकृती लांबून वर्तुळासारखी दिसली असती, चांदणी ओळखू येते.

१८०१ मध्ये गाउसने सगळा नियम मांडला आणि १८३७ मध्ये फ्रेंच गणिती पिएर वाँझेलने त्याची उरलेली बाजू सिद्ध केली. बाजूंची संख्या दोनातून, तो कितीही वेळा घेऊन, आणि ३, ५, १७, २५७, ६५,५३७ या मूळ संख्यांतून, प्रत्येक फार तर एकदाच घेऊन, तयार होत असेल तरच आकृती काढता येते. नऊमध्ये तीन दोनदा येतो, म्हणून नऊ नाही. पंधरामध्ये तीन आणि पाच एकेकदा, म्हणून युक्लिडला ती जमली.

मोठ्या आकृत्यांच्या नावांचं मग काय होतं? फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने १६४१ मध्ये हजार बाजूंच्या आकृतीचा दाखला दिला, ती खिलिओइची किलिअगॉन. तो म्हणतो, त्रिकोण मनापुढे आणता येतो, हजार बाजूंची आकृती तशी आणता येत नाही. तरी ती काय आहे हे मला त्रिकोणाइतकंच स्वच्छ समजतं. मी डोळे मिटून करून पाहिलं. बारापर्यंत कसंबसं जमतं. त्यापुढे दिसतं ते वर्तुळ आणि कळतो तो आकडा. नावांची झीजही मला तिथपर्यंतच दिसते. चौरस, ट्रापेझियम, नॉनॅगॉन ही नावं वापरून वापरून गुळगुळीत झाली, वाकडी झाली, अर्थ बदलून बसली. किलिअगॉनला कुणी हातच लावलेला नाही, ते व्याकरणाच्या नियमाने घडवलं आणि तसंच्या तसं राहिलं.

६५,५३७ बाजूंची आकृती पट्टी-कंपासने कशी काढायची, हे शोधायला योहान गुस्ताव हेर्मेस या जर्मन गणितीने आयुष्यातली दहा वर्षं दिली. १८९४ मध्ये काम पुरं झालं. ते हस्तलिखित गॉटिंगेनच्या विद्यापीठाकडे आहे. ग्रीक आकडे ओळीने जोडून त्या आकृतीला लांबलचक नाव देता येतं, संस्कृतातही देता येईल. गणिती मात्र तिला आकड्यानेच ओळखतात, आणि भाचीने वहीच्या शेवटच्या पानावर तेच केलं आहे: ६५५३७ आणि त्याला चिकटून, न ने, ‘कोन’.